धावदोरा

शुवैखच्या तिसऱ्या गल्लीत, टायरवाल्या सुदान्याच्या मागं
आज दोन गाड्या उघड्या पडल्यात.
एकाच सालच्या, एकाच नावाच्या, दोन्ही फिक्या निळ्या.
पत्र्याची अंगं उतरवून ठोकळ्यांवर ठेवलीत
आणि खाली उरलेत नुसते सांगाडे.

बू मिशारी म्हणतो, हिची फ्रेम तिला लाव.
ती वडिलांची आहे, खाऱ्या हवेनं खालून खाल्लीय.
ही टेक्सासहून आणली, ठणठणीत कोरडी.
सारख्याच तर आहेत!

सारख्या नाहीत, अरबाब.
ये, वाक. दिशदाशा मळली तर मळू दे.
तुझ्या वडिलांच्या गाडीची शिवण बघ, बगलेत आहे.
दोन पन्हळी एकमेकींत सरकवून वरून अखंड टाका,
मुंगी शिरायची नाही.
आणि हिची पोटाखाली:
चार बोटं टाका, दोन बोटं मोकळं, पुन्हा चार बोटं.
धावदोरा.
वर नाव एकाच कंपनीचं,
पण हाडं घेतलेली दोन वेगळ्या गावच्या लोहारांकडून.
एकाला वाटलं, पाणी आत जाऊच नये.
दुसऱ्याला वाटलं, जाणारच आहे, तर बाहेर यायला वाट ठेवा.
दोघंही बरोबर, आपापल्या हवेत.
आखाताची हवा दोघांनीही पाहिलेली नव्हती.

भोकं मोजली. मागची दोन अर्ध्या इंचानं चुकतात.
अर्धा इंच म्हणजे काय, काहीच नाही,
फक्त दार लागत नाही.

कोल्हापुरात, उद्यमनगरात मी उसाच्या ट्रॉल्या जोडायचो.
तिथं चासी म्हणजे चासी,
कुणाच्या हातची, असं कुणी विचारलं नाही.

दुपारी सगळे पंख्याखाली. बाहेर अठ्ठेचाळीस.
मी वायर ब्रश घेऊन म्हाताऱ्याच्या गाडीखाली सरकलो,
मागच्या चाकाच्या कमानीपाशी.
डांबरी रंगाचा पापुद्रा सुटला
आणि अखंड टाका मध्येच थांबला.
तिथून पुढं धावदोरा.
म्हणजे हिचं मागचं अंग आधीच दुसऱ्या लोहाराचं!
सांध्यावर माशाच्या आकाराची पट्टी,
शेपटी जराशी डावीकडं कललेली.

हा मासा माझ्या ओळखीचा.
चौकोनी पट्टी लावू नकोस, कोपऱ्यातून चीर जाते,
मासा काप, मासा ताण वाटून घेतो:
माझ्या इथल्या पहिल्या उन्हाळ्यात सांगणारे परकारचाचा,
बाणकोटचे, डावरे.

फोन लावला. मोतीबिंदू झालाय, कान मात्र शाबूत.
निळी? मागून चेपलेली? हसायलाच लागले.
अरे, त्र्याऐंशी साल. पोरानं चोरून नेली रात्री,
रिव्हर्समध्ये खांबावर घातली आणि गपचूप आणून उभी केली.
भिंतीकडं तोंड करायचं सोडून ढुंगण करून!
म्हातारा सकाळीच माझ्याकडं.
म्हणाला, पोर उमऱ्याहून यायच्या आत सरळ कर,
आणि त्याच्याशी बोलू नकोस.
भंगारातून अर्धी फ्रेम मिळाली, ती दुसऱ्या बनावटीची.
ती बसवताना माझा घाम निघाला.

चार वाजता बू मिशारी आला. साठीचा माणूस,
गुडघे कुरकुरत माझ्याशेजारी आडवा झाला.
वडिलांनी हिला कुणाला हात लावू दिला नाही, म्हणाला,
अस्सल आहे, म्हणून तर सांभाळायची.
मी त्याचं बोट धरून माशावर ठेवलं.

हे काय?

सांगितलं. खांबासकट.
तो बराच वेळ वर बघत राहिला,
जिथं बघायला फक्त लोखंड होतं.
मग म्हणाला, म्हणजे त्यांना माहीत होतं.
आणि थोड्या वेळानं, मागचं राहू दे.
पुढचं तेवढं बदल.

टेक्सासवालीचं नाक कापायला घेतलंय आता.
खडूनं मासा काढलाय, उजव्या हाताचा, सरळ शेपटीचा.
अर्धा इंच अजून कुठून तरी काढायचाय.